मले किती बसन?

पेन्शनच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईला लग्नात कोणी धड जेवू देत नाही. परवा चिखलीला एका लग्नात गेले होते. हातात ताट, ताटात वरण-बट्टी, पहिला घास तोंडाशी. तेवढ्यात मागून आवाज, "जेवा ताई, जेवा, घाई नाही. फक्त येवढं सांगा, मले किती बसन?"

"किती बसन" म्हणजे रिटायर झाल्यावर महिन्याला पेन्शन किती हातात येईल! बुलढाण्याच्या आमच्या ऑफिसात मी हाच अंदाज काढून देते. जिल्हाभरातले गुरुजी, ग्रामसेवक, दवाखान्यातल्या बाया, सगळे येतात. अंदाज घेऊन जातात, किस्सा ठेवून जातात. फाईल निदान वरच्या ऑफिसला पाठवता येते. किस्सा कुठे पाठवायचा? साठतच जातो!

शेजारच्या टेबलावर रफीकभाई. माझ्याआधीपासून याच कामात मुरलेले. समोर काचेच्या केबिनमध्ये पुण्याहून बदलून आलेले साहेब. साहेब हुशार, मनाने चांगले. पण आमची वऱ्हाडी त्यांच्या कानात शिरते तेव्हा एक असते आणि डोक्यात पोचते तेव्हा भलतीच.

*

जानेफळचे एक गुरुजी. कागदावर जन्मतारीख एक जून. आमच्या निम्म्या गुरुजींचा वाढदिवस एक जूनलाच असतो, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी टाकली ती तारीख! गुरुजींना वाटत होतं, जून संपला की आपण रिटायर. मी म्हटलं, "गुरुजी, एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. तुम्ही मेअखेरीसच घरी."

"पण मे मधी त मी जन्मलोच नव्हतो!"

"नियमच तसा आहे."

"अन् खरं सांगू का ताई, मी जूनमधी बी नव्हतो जन्मलो. माय म्हने, ज्वारी निसवून राह्यली होती तवा झाला. म्हंजे बैलाचा पोया होऊन गेल्ला असन. निदान पोयापरेंत त राहू द्या!"

रफीकभाई मान वर न करता म्हणाले, "गुरुजी, ज्वारीचा दाखला घेऊन या. पाहू मंग."

गुरुजी मेअखेरीसच रिटायर झाले. पुढे एकदा बसस्टँडवर भेटले. विचारलं, "निरोप समारंभ कसा झाला?"

"झाला ना! उन्हायाची सुटी, शाळेले कुलूप. बाहेर ओट्यावर बसलो. हार बायकोनं घातला, भाषन मीच केलं. ऐकाले एक बकरी होती. भाषन होईस्तोवर तिनं हार खाल्ला!"

*

रिटायर होताना पेन्शनचा काही भाग सरकारला देऊन त्याची एकरकमी रक्कम घेता येते. कागदावर याला 'अंशराशीकरण' म्हणतात. हा शब्द उच्चारता उच्चारता माणूस रिटायर होईल, म्हणून सगळे सरळ म्हणतात, "पेन्शन विकली."

मलकापूरकडच्या एका ग्रामसेवकाने घरी जाऊन हेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको दोन भावांना घेऊन ऑफिसात हजर! ग्रामसेवक मागे मान खाली घालून.

"कोनाले इकली?" बाईंनी विचारलं. "घ्यावाला कोन हाय? त्याले समोर बलवा!"

"वहिनी, सरकारनेच घेतली."

"देल्ली कोनं होती?"

"ती पण सरकारनेच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भावांकडे, मग नवऱ्याकडे.

"सरकारनं देल्ली, सरकारनं घेतली. मंग हे एवढे वर्स मधात कायले उभे होते?"

दोघं भाऊ स्वतःही नोकरीत होते. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "ताई, आमाले किती बसन?"

*

पेन्शनच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ओळखचिन्हाचा. अंगावरचा तीळ, व्रण असं काहीतरी लिहायचं. एकदा मी रजेवर होते, म्हणून साहेब स्वतःच एका आयाबाईंचा फॉर्म भरायला बसले. दवाखान्यात जन्म घालवलेली साधी बाई.

"बाई, ओळखीची खूण सांगा."

"मारोतीच्या पारापासून डाव्या हाताले वया. पिंपयाचं झाड दिसन."

"तसं नाही. अंगावर?"

"आंगनातच हाय ना झाड!"

साहेबांनी पेन खाली ठेवला. "बाई, समजा तुम्हाला कोणी ओळखत नाही. तर तुम्ही त्याच आहात, हे आम्हाला कसं कळणार?"

बाई विचारात पडल्या. म्हणाल्या, "मले कोनी वयखत नाही असं गाव सांगा. साऱ्याइले म्याच त पह्यली आंघोय घातली!"

साहेबांनी फॉर्म माझ्यासाठी राखून ठेवला.

*

दोन जुळे भाऊ आहेत, दोघंही शिक्षक. नोकरीची ऑर्डर दोघांना एकाच दिवशी आली. एक लगेच हजर झाला. दुसऱ्याचं लग्न ठरलेलं, तो हळद उतरल्यावर हजर झाला. आणि मधल्या त्या दिवसांत सरकारची ती तारीख येऊन गेली! तारखेच्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना नवी. आता तर तिसरीही योजना आली आहे, पण ती मला विचारू नका. मी अजून वाचतेय.

दोघं आईला घेऊन अंदाज काढायला आले. उशिरा लागलेला भाऊ म्हणाला, "ताई, आमी एकाच रात्री जन्मलो, एकाच बाकड्यावर शिकलो. तो जुना अन् मी नवा कसा?"

मी समजावलं. तारीख, शासन निर्णय, पुन्हा तारीख. म्हातारी मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पोरी, तुह्यं काईतरी उलटं झालं. ह्यो नवा नाही. ह्योच मोठा हाय, त्याच्यापेक्षा घंटाभरानं!"

त्या भावाच्या घरी आता लग्नाचा अल्बम काढायला बंदी आहे म्हणतात.

*

साहेबांचा सगळ्यात गाजलेला किस्सा फोनचा. जळगाव जामोदचे एक रिटायर कंपाउंडर होते, त्यांच्या पेन्शनमध्ये दुरुस्ती करायची होती. साहेबांनी फोन लावला. बायकोने उचलला.

"आहेत का?"

"नाही जी. ते गेले."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "अरेरे! कधी?"

"आज सकाळीच."

"अचानक?"

"हाव, अचानकच. चहा पेत होते. यष्टी आली अन् गेले."

"फार वाईट झालं हो!"

"वाईट काय्चं साहेब? घर कसं शांत वाटून राह्यलं!"

साहेबांनी फोन ठेवला, घाम पुसला आणि मला बोलावून म्हणाले, "मॅडम, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अंदाज काढा. बाईंना धक्का बसलेला दिसतो." मी निम्मी आकडेमोड केली असेल, तेवढ्यात दारात कंपाउंडर! यष्टीने थेट बुलढाण्यालाच आले होते. त्यांनी नाव सांगितलं मात्र, साहेब ताडकन उभे राहिले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. सोडेचनात!

कंपाउंडरचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून कुजबुजले, "साहेब उभे राह्यले माह्यासाठी! लयच कमी बसली काय ताई?"

*

यंदा रफीकभाईंची पाळी आली. जिल्ह्याचा अंदाज काढणारा माणूस, स्वतःचा अंदाज काढायला बसला की दरवेळी वेगळाच आकडा! पहिल्यांदा वाटलं, कम्प्युटर बिघडला. मग त्यांनी हातानेही करून पाहिलं. शेवटी कागद माझ्याकडे सरकवला. "ताई, तुम्हीच मांडा. माझं डोकं चालेना."

मी मांडलं. सरळ हिशेब होता. त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून ओळ न ओळ तपासली.

"कमी वाटते का, भाई?"

"नाही, नाही. बरोबर आहे," ते म्हणाले. "बरोबर आलं म्हंजे आता जावंच लागते ना."

मग उठले आणि सगळ्यांसाठी चहा सांगून आले. त्यात त्यांचा स्वतःचाच सांगायचा राहिला.

*

पिंपळगाव राजा या गावाकडे एक मिस्त्री होते. गावोगावचे हातपंप दुरुस्त करणं हीच त्यांची नोकरी. बोलणं जवळजवळ नाहीच. त्यांच्या वाटचं सगळं त्यांची बायको, म्हणजे काकू, बोलायच्या. अंदाज काढायला दोघं आले तेव्हा मिस्त्री मांडीवर पिशवी घेऊन बसले आणि काकू सुरू झाल्या.

"मलेच सांगा ताई. ते तोंड उघडनार नाहीत. लगन झालं तवा मले वाटलं, मुकाच देल्ला बाप्पानं! साऱ्या तालुक्याचं पानी काढलं या मानसानं, पन शबूद काई निंघला नाही."

मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते.

मी आकडे मांडले. पेन्शन एवढी, ग्रॅच्युइटी एवढी. मग आमच्या कामातलं अवघड वाक्य आलं. ते मी नेहमी खाली बघून बोलते. "आणि उद्या मिस्त्रींचं काही बरंवाईट झालं, तर काकू, तुम्हाला एवढी."

"इडापिडा टळो!" काकू म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "अन् मी आंधी गेली त?"

इतकी वर्षं अंदाज काढतेय, हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी गोंधळले. कागद उगाच उलटापालटा केला. "तर... तर काही नाही काकू. त्यांची पेन्शन त्यांना चालू राहते."

"तेवढीच?"

"तेवढीच."

"कमी नाही होत?"

"नाही."

"उलीशी बी नाही?"

"नाही काकू. काहीच फरक पडत नाही."

काकू टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखाने दाबत राहिल्या. मग मिस्त्रींकडे मान करून, हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "म्हंजे मी असली काय अन् नसली काय, यायले सारखंच पडते."

"तसं नाही हो काकू, हा फक्त नियम..." मी बोलू लागले.

मिस्त्रींनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. माझ्या हातातला कागद घेतला. वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "हे फिरून मांडा. कुठीतरी चुकलं."