शेवटच्या चाळीस सेकंदांची बोली

ऑनलाइन लिलावात पहिल्याच दिवशी बोली लावणारा माणूस एक तर नवखा असतो, नाहीतर विकणाऱ्याचा मेहुणा. हे माझं ठाम मत होतं. नवख्याला वाटतं, वस्तू आवडली की हात वर करावा. मेहुण्याचं काम किंमत चढवत ठेवण्याचं. या दोघांच्या नादी न लागता सहा दिवस गप्प बसायचं, सातव्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत पान उघडायचं आणि चाळीस सेकंद उरले की आकडा टाकायचा, ही माझी पद्धत. चाळीसच का, तर रत्नागिरीतल्या तेव्हाच्या इंटरनेटला तो आकडा पलीकडे पोचवायला वीस-पंचवीस सेकंद लागत. उरलेल्या पंधरा सेकंदांत समोरच्याला काही सुचत नाही.

हा स्वभाव मला वडिलांकडून आला. आमची हापूसची कलमं होती. वडील माल घेऊन मुंबईच्या बाजारात जात, तेव्हा तिथे भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि बागायतदार रुमालाखाली हात धरत आणि बोटं दाबून आकडा सांगत. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नसे. घरी आल्यावर वडील आम्हाला बजावत, "आपली नड समोरच्याला दिसू द्यायची नाही. दिसली की भाव गेला." आम्ही भावंडं इतकी तयार झालो होतो, की दुकानात आवडलेल्या फ्रॉककडे न बघता शेजारच्या फ्रॉकची चौकशी करायचो.

पुढे मी हायस्कुलात गणित शिकवायला लागले. तिथे तर संशय घेण्याचा पगारच मिळत होता. दोन मुलांची चूक सारखी आली की मी आधी त्यांचे बाक तपासायची. बरोबर उत्तर आलं तरी "ताळा करून बघितलास का?" हे विचारायचीच. घरचे म्हणायचे, ही देवळातल्या घंटेचासुद्धा ताळा करून बघेल.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. आमच्या आळीच्या टोकाला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या एका गृहस्थांनी सायबर कॅफे काढला होता. चार संगणक, मध्ये प्लायवूडच्या आडभिंती. हे गृहस्थ चहाचा कप घेऊन माझ्या पाठीमागून उगाच फेऱ्या घालायचे आणि "काय मॅडम, आज काय पकडताय?" असं विचारायचे. मी पडद्यावर पर्स आडवी धरायची. माणूस तसा सज्जन होता; पण सज्जन माणसांनाही डोळे असतात.

मी जमवायची ते अडकित्ते. सुपारीचं खांडही कधी तोंडात घातलं नाही, पण पितळी, लोखंडी, मोराचे, घोड्याचे असे सत्तावीस अडकित्ते दिवाणखान्यात फळीवर खिळ्यांना टांगलेले होते. बहुतेक सगळे शेवटच्या चाळीस सेकंदांत मिळवलेले. आकडा कधी गोल टाकायचा नाही, कारण सगळे पाचशेवर थांबतात. आपण पाचशे अकरा टाकायचे. त्या संकेतस्थळावर दुसरीही एक सोय होती. आपला वरचा आकडा आधीच यंत्राला सांगून ठेवायचा, मग ते आपल्या वतीने लागेल तेवढंच चढत जातं. ते मी कधी वापरलं नाही. माझा शेवटचा आकडा मी नवऱ्याला सांगत नाही, तो यंत्राला सांगू?

या खेळाला न लिहिलेली एक रीतही होती. आपल्याला नको असलेल्या वस्तूची किंमत नुसत्या खुन्नसीने वाढवायची नाही. आपल्याकडून दोनदा हरलेल्याला तिसरी वस्तू सोडायची. आणि एखादा सहाही दिवस एकाच वस्तूवर एकटा टिकून असेल, तर त्याचं काही कारण असणार हे ओळखून बाजूला व्हायचं. पहिल्या दोन गोष्टी मी पाळायची. तिसरी मला भाबडेपणाची वाटायची.

एकदा एक साधा, काळा लोखंडी अडकित्ता आला. त्यावर एकजण पहिल्या दिवसापासून ठाण मांडून बसला होता. त्याचं टोपणनाव म्हणजे तीन अक्षरं आणि पुढे बेचाळीस, म्हणून मी त्याला मनातल्या मनात बेचाळीस म्हणायची. चाळीस सेकंद उरल्यावर मी आकडा टाकला आणि अडकित्ता माझा झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, रोमन अक्षरांतल्या मराठीत. तो अडकित्ता त्याच्या आजोबांचा होता म्हणे. घर मोडताना चुलतभावाने सगळं एकगठ्ठा विकून टाकलं होतं. तुम्ही दिले तेवढे आणि वर काही देतो, पण तो मला द्या, असं त्याने लिहिलं होतं. खाली आणखी चार ओळी होत्या. त्या मी नीट वाचल्याच नाहीत. आजोबा काय, सगळ्यांनाच असतात. त्याची माहिती उघडली तर गाव रत्नागिरी निघालं. म्हणजे इथलाच कोणी व्यापारी, हॉटेलवाल्यांना जुन्या वस्तू पुरवणारा, असं मी ठरवून टाकलं. उत्तर दिलं नाही. अडकित्ता पार्सलातून निघाला तसा, मिटलेलाच, शेवटच्या खिळ्याला टांगला.

त्याला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका दुपारी मी जुन्या पितळी वस्तू चाळत होते. एका कळशीचा फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उमटत होता. आधी काठ आला, मग गळा, मग खांद्यावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव. मी वाचलं आणि पर्स पडद्यावर धरायचीही विसरले. ते माझ्या आईचं माहेरचं नाव होतं. तिचं, तिच्या वडिलांचं, आडनाव, आणि खाली गाव, मालगुंड.

लग्नात आमच्याकडे तिचं पहिलं नावही बदललं होतं. तांदळात नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं फक्त त्या कळशीवर उरलं. मी लहानपणी अक्षरं लावायला शिकले ती त्याच कळशीवर. पुढे मी हायस्कूलला जायला लागले, तेव्हा आईने मोडीच्या बदल्यात स्टीलची भांडी देणाऱ्या बाईला ती दिली आणि माझ्यासाठी तीन खणांचा डबा घेतला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. मात्र मामा गेला त्या दिवशी, मालगुंडहून परत येताना एसटीत ती म्हणाली होती, "आता मला त्या नावानं हाक मारणारं कोणी नाही गो राहिलं." आता ती ऐंशीच्या घरात होती, माझ्याकडेच राहत होती. मला ती कळशी हवी होती. आयुष्यात एवढं काही हवं झाल्याचं मला आठवत नाही.

आणि कळशीवर पहिल्या दिवसापासून एकाच माणसाची बोली होती. बेचाळीसची.

माझी खात्री पटली की हा सूड आहे. पण मी त्या पानावर काहीच केलेलं नव्हतं, मग याला कळलं कसं? रत्नागिरीतलाच माणूस. मी कॅफेत येणाऱ्या-जाणाऱ्याला निरखायला लागले. कोपऱ्यातला तो चष्मेवाला? आणि कॅफेचे मालक रोज का विचारतात, आज काय पकडताय म्हणून? एकदा मला वाटलं, सरळ बेचाळीसला निरोप पाठवावा की हे माझ्या आईचं नाव आहे. पण नड दाखवायची नाही, हे हाडात बसलेलं. सांगितलं असतं तर किंमत दुप्पट झाली असती, असंच मला तेव्हा वाटलं. आईलाही बोलले नाही. मिळाली तर एकदम समोर ठेवायची.

लिलाव संध्याकाळी पाच वीसला संपणार होता. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे आमच्याकडे पाचला वीज यायची. मी पावणेपाचपासून अंधाऱ्या कॅफेत घाम पुसत बसले. मालक म्हणाले, "माझ्या भावाकडे इन्व्हर्टर आहे. पासवर्ड देऊन ठेवा, वीज नाही आली तर तिथून बोली टाकायला सांगतो." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले. वीज पाच आठला आली. चाळीस सेकंद उरल्यावर मी आकडा टाकला, तोही माझ्या नेहमीच्या हिशेबाच्या दुप्पट. वीस-बावीस सेकंदांनी उत्तर आलं की आपल्यापेक्षा वरची बोली आधीच लागलेली आहे. त्याने आपला वरचा आकडा यंत्राला कधीच सांगून ठेवला होता. मी दुसरा आकडा टाकला. पान फिरत राहिलं. ते थांबलं तेव्हा लिलाव संपलेला होता आणि कळशी बेचाळीसची झाली होती.

मी तिथेच रडले. मालकांनी न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि पुन्हा बाहेर गेले. त्या वेळी मला स्वतःची लाज वाटली, पण थोडीच.

मग मी बेचाळीसला लिहिलं. सगळं लिहिलं. नाव, मालगुंड, डबा, मामा. पाठवताना कळत होतं की हे अगदी एखाद्या लबाड बाईच्या गोष्टीसारखं वाचलं जाणार आहे.

दहा दिवसांनी उत्तर आलं. "अडकित्त्याच्या वेळी मीही तुम्हाला असंच लिहिलं होतं. तुम्हाला ते खरं वाटलं नसावं. तुमचं मला खरं वाटतं की नाही, माझं मलाच सांगता येत नाही. आजोबांचं घर मोडलं तेव्हापासून मी अशी नाव घातलेली जुनी भांडी घेत असतो. कळशी माझ्याकडे आली आहे. विकणाऱ्याच्या फोटोत तिचं बूड दिसत नव्हतं. बुडाला काय आहे ते आईंना विचारून कळवा." शेवटी त्याने आपला पत्ता दिला होता. आमच्या जिल्ह्यातल्याच, पण तीन तासांवरच्या अलोऱ्याच्या वसाहतीतला. संकेतस्थळाच्या यादीत अलोरे नव्हतं, म्हणून त्याने जिल्ह्याचं गाव निवडलं होतं. माझ्या मागावरचा रत्नागिरीतला व्यापारी तो हा.

घरी येऊन आईला विचारलं. ती वाल सोलत होती.

"आई, तुझी कळशी होती ना मालगुंडची, तिच्या बुडाला काय होतं?"

ती थांबली. "तुला आत्ता कशाला गो हवंय ते?"

"सांग ना."

"तांब्याचं ठिगळ. मी नऊ वर्षांची असेन. विहिरीवर कातळावर आपटली माझ्या हातून. बाबा रागावले नाहीत. कासारानं ठिगळ मारलंन, जुन्या अधेलीच्या नाण्याएवढं. आई म्हणाली, पितळेत तांबं शोभत नाही. मला आवडायचं ते." आणि परत वाल सोलायला लागली. कशासाठी विचारलं ते तिने पुन्हा विचारलं नाही. मी सांगेन तेव्हा सांगेन, एवढा तिचा माझ्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर लिहायला कॅफेत बसले, तेव्हा बेचाळीसचा तो जुना निरोप तिथे तसाच पडलेला दिसला. मी न वाचलेल्या चार ओळी आता वाचल्या. "आजोबा सुपारी कातरत ओटीवर बसत. आम्हा तीन नातवंडांच्या जन्माला त्यांनी अडकित्त्याच्या डाव्या दांडीला आतून एकेक खाच केली होती. अडकित्ता मिटलेला असताना त्या दिसत नाहीत. उघडून बघितलंत तर माझं खरं आहे हे कळेल. तिसरी खाच माझी."

मी उत्तर न लिहिताच घरी आले आणि शेवटच्या खिळ्यावरचा अडकित्ता काढून उघडला. तो गंजाने जरा चिकटला होता. आतल्या बाजूला तीन खाचा होत्या. वर्ष-दीड वर्ष पुरावा माझ्या भिंतीवर टांगलेला होता आणि जन्मभर मुलांना ताळा करायला लावणाऱ्या मला तो उघडून बघावासा वाटला नव्हता. माणसाने एवढं सगळं सांगितलं होतं आणि मी त्याला व्यापारी ठरवून मोकळी झाले होते. मला फार वाईट वाटलं.

मी अडकित्ता तेलाने पुसला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि अलोऱ्याला रजिस्टर पार्सल केला. कळशी आधी येऊ दे, मग पाठवू, असं मनात आलं नाही असं नाही. पोस्टाच्या रांगेतून मी एकदा बाहेरही पडले होते. परत जाऊन उभी राहिले. आतल्या चिठ्ठीत ठिगळाचं लिहिलं आणि उशिराबद्दल माफी मागितली. किंमत लिहिली नाही.

अकराव्या दिवशी खोका आला. चिठ्ठी नव्हती. कळशी चिंचेने घासून लख्ख केलेली होती. मी ती आईच्या मांडीवर ठेवली. तिने आधी उलटी करून ठिगळावर अंगठा फिरवला, मग सरळ केली आणि खांद्यावरच्या ठिपक्यांवर बोटं ठेवली. मोतीबिंदूमुळे तिला बारीक दिसत नसे.

"नाव आहे गो अजून?" तिने विचारलं.

"आहे."

"वाच बघू."

मी तिच्यासमोर ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. आईला नावाने हाक मारणार कोण? मी वर्गात हजेरी घेते तसं सावकाश, पूर्ण वाचलं.

आणि आईने ओ दिली.