पिवळ्या कार्डाची अट

संकटांची इतक्या मनापासून वाट पाहणारा आणि तरीही इतका आनंदी माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, असं मी आमच्या चाचांबद्दल शपथेवर सांगू शकतो. चाचा अकोल्याच्या आमच्या गल्लीतले, माझ्या वडिलांचे जुने स्नेही आणि एका बँकेतले कारकून. वडील गेल्यावरही त्यांनी आमच्याकडे येणं थांबवलं नाही, फक्त जागा बदलली. पूर्वी वडिलांच्या समोर बसायचे, ते दाराजवळ बसू लागले. मला वाटलं, रिकामी खुर्ची त्यांना बघवत नसेल. पण कारण वेगळंच होतं. "भाभी, छत कोसळलं तं दारातला माणूस पहिले वाचते," असं त्यांनी आईला समजावून सांगितलं आणि दुसरा कप चहा मागितला.

चालू पंख्याखाली त्यांना कोणी कधी बसलेलं पाहिलं नाही. अकोल्याच्या मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस पात्यांचा घेर नजरेनं मोजायचा, त्याच्या बाहेर खुर्ची ओढायचा आणि घामानं निथळत समाधानानं बसायचा. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, कांदा ऊन ओढून घेतो म्हणतात. चाचा दोन ठेवायचे, एक हरवला तर दुसरा असावा म्हणून. त्यामुळे बँकेत त्यांचं टेबल कुठे आहे असं कोणाला विचारावं लागत नसे. लग्नात लोक नवरदेवाला आशीर्वाद देतात, चाचा त्याला नॉमिनी बदलला का ते विचारायचे. माझ्या एका मित्राच्या लग्नात ते अहेराच्या रांगेतून स्टेजवर पोचले आणि पाकिटाबरोबर फॉर्म पुढे केला. आतापर्यंत तुझी माय होती, आता ही पोरगी आहे, दोघींची नावं टाक, मग घरात भांडण नाही, असा त्यांचा सल्ला होता. नवरदेवानं हळदीच्या हातानं सही केली. त्या फॉर्मवर पिवळा अंगठा उमटला, तरी वरच्या ऑफिसनं तो परत पाठवला नाही, ही गोष्ट चाचा पुढे दहा वर्षं सांगत होते.

असा माणूस विमा विकायला मिळाला तर कोणत्याही बँकेनं देव पावला म्हणावं. पूर्वी बँका लोकांच्या ठेवी सांभाळायच्या. मग वरून हुकूम आला की विमाही विका, आणि परदेशात राहणाऱ्या खातेदारांना आधी विका. त्यातही जे फ्रीलान्सर म्हणून मिळेल ते काम करतात, ज्यांच्यामागे कोणतीच कंपनी उभी नसते, त्यांना लवकर पटेल असा साहेबांचा अंदाज होता. चाचांना शाखेच्या कोपऱ्यात टेबल मिळालं. अडचण एवढीच झाली की ते पॉलिसी शेवटाकडून वाचायचे. पैसे कशासाठी मिळतील हे सांगण्याआधी कशाकशासाठी मिळणार नाहीत ते भिंग लावून, मोठ्यानं, एकेक ओळ वाचून दाखवायचे. दुबईहून सुट्टीवर आलेला एक इलेक्ट्रिशियन पेन उघडून सहीला बसला होता. चाचांनी त्याला बारीक अक्षरातली चौदा कलमं ऐकवली आणि तो पेनाला टोपण लावून निघून गेला. मॅनेजरसाहेब हात जोडून म्हणाले, चाचा, आधी सही घ्या, मग घाबरवा. चाचांचं उत्तर ठरलेलं होतं. "साहेब, उद्या त्याची बायको माह्या टेबलापाशी येईन. तवा मी तिले काय वाचून दाखवू?"

त्या टेबलाशेजारी एक लाकडी बाक होतं. वऱ्हाडाची ती वर्षं वाईट होती. पेपर उघडला की आतल्या पानावर कोणत्या गावच्या शेतकऱ्याचं नाव असेल, याची धास्ती वाटायची. बाकावर पीककर्जाच्या कागदांसाठी आलेले शेतकरी बसलेले असत आणि तेव्हाच चाचांची एक खोड साऱ्या शाखेत बदनाम झाली होती. ते कोणाचंच काम पुरतं करत नसत. सगळे कागद बरोबर असले तरी एखादी झेरॉक्स, एखादा फोटो, एखादी सही राहिली म्हणून सांगायचे आणि वर माठातलं पाणी पाजून, मंगळवारी आणा, मी आहो इथं, असा निरोप द्यायचे. लोक वैतागायचे. बँकेतल्या माणसाला गरिबाला हेलपाटे घालायला लावण्यात काय आनंद मिळतो, असं मीही एकदा आईला तावातावानं म्हणालो होतो. आई प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवत आलेली बाई. तिनं मला आधी जेवून घ्यायला सांगितलं.

आता माझं सांगायला हवं, कारण त्याशिवाय चाचा पुरते सांगता येणार नाहीत. मी अकोल्याहून पुण्याला आणि तिथून जर्मनीत हॅम्बुर्गला गेलो. तिथे जहाजांच्या आतल्या पाइपांची ड्रॉइंग काढून देतो. ज्याला लागतील तो काढून घेतो, मी कोणाच्या नोकरीत नाही. चाचांना याची फार गंमत वाटायची. आपल्या मोर्णा नदीत डोंगा तरंगत नाही आणि आमचा बाबू जहाजाचे पाइप जोडून राहिला, असं ते बँकेत येईल त्याला सांगत. सुरुवातीला मी आईला दर आठवड्याला फोन करायचो. मग महिन्यानं, मग कधीतरी. काम फार असतं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरी गोष्ट अशी की आई फोनवर गावाकडचं सांगायची. माझ्याबरोबर शाळेत एका बाकावर बसलेल्या दोघांची नावं मी अशी, हातात कॉफीचा कप असताना ऐकली. दोघंही घरची शेती करायला मागे राहिले होते. दुसऱ्या नावानंतर मी आईचा फोन नुसता वाजू देऊ लागलो. मी तिथून सुटलो होतो आणि त्याची मला कोणी आठवण करून द्यायला नको होती.

एका सुट्टीत अकोल्याला आलो तेव्हा चाचांनी मला टेबलासमोर बसवलं आणि चौदाच्या चौदा कलमं वाचून दाखवली. नॉमिनी म्हणून आईचं नाव लिहिलं. मग ड्रॉवरमधून एक जाड पिवळं कार्ड काढलं आणि पंधरावी अट सांगितली.

"तू नोकरीत असता तं कंपनीनं लिहून देल्लं असतं का हा माणूस जिता आहे म्हणून. तुह्यामागं तं कोणीच नाही. म्हणून फ्रीलान्सरले हे लागते. दर रविवारी नॉमिनीले फोन करायचा. नॉमिनी कार्ड भरन, सही करन. चार रविवार खाली गेले का पॉलिसी बंद."

कार्डावर गोल शिक्का होता आणि रकाने आखलेले होते: तारीख, धारकाचा आवाज, धारकानं काय खाल्लं, शेरा, नॉमिनीची सही. परदेशात राहून माणूस कागदावर शंका घेणं सोडून देतो. याहून विचित्र रकाने मी तिकडे निमूटपणे भरले होते. मी मान डोलावली.

त्यानंतर सहा वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही. हे सांगताना मला अभिमान वाटायला हवा, पण मी फोन केले ते पॉलिसी बंद पडू नये म्हणून. पलीकडे आई पेन शोधायची, टोपण काढायची आणि विचारायची, काय खाल्लं? समोर पाव आणि चीज असायचं. मी वरण-भात सांगायचो. हळूहळू चार मिनिटांची वीस मिनिटं झाली. एकदा तिनं मला पलीकडून फोडणीचा आवाज ऐकवला आणि हिंग पोचला का, असं विचारलं. गावाकडचं मात्र ती काही सांगेनाशी झाली. मला वाटलं, वऱ्हाडात आता बरं चाललं असेल. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरवी झाल्यावर घरात सापडलेलं शेवटचं, अर्धं भरलेलं कार्ड घेऊन मी नॉमिनी बदलायला बँकेत गेलो. चाचांच्या टेबलावर आता एक तरुण मुलगी होती. तिनं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं की अशी अट कोणत्याच पॉलिसीत नाही, आणि हा शिक्काही टपाल आल्याचा आहे. मग तिनं हसू दाबून विचारलं, "सर, धारकानं काय खाल्लं, हे कोणती कंपनी विचारेल?" मी बाहेर येऊन बाकावर बसलो. ज्या माणसानं आयुष्यात एक कलम लपवलं नाही, त्यानं एक कलम स्वतः बनवलं होतं, आणि ते माझ्यासाठी.

चाचा तोवर निवृत्त होऊन अमरावतीला मुलीकडे राहायला गेले होते. बडनेरा स्टेशनवर उतरून ऑटोनं गेलो. मला रागवायचं होतं, फक्त कोणावर ते ठरत नव्हतं. चाचा पंख्याच्या घेराबाहेर खुर्ची ओढून बसले होते. मी कार्ड पुढे ठेवलं. त्यांनी ते भिंग लावून वाचलं आणि मुलीला पलंगाखालचा बिस्किटांचा डबा काढायला सांगितला. आईनं वर्षावर्षाला त्यांच्याकडे जमा केलेली सगळी कार्डं त्यात होती.

"तू फोन उचलत नव्हता तवा तुही माय दर सोमवारी बँकेत ये," ते म्हणाले. "बाकावर बसे अन् मले पुसे, भाऊ, तुमच्या कंप्युटरात बाबूची काही हालचाल दिसते का? तुह्या खात्यात काही झालं असलं का मी सांगो, हो भाभी, गुरुवारी हालचाल आहे. तेवढ्यावर घरी जाय."

मग मला सरळ का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"सांगतलं असतं तं तू एक रविवार केला असता. कागद बाकी असला का माणूस येते, बाबू. त्या बाकावरच्या लोकायले बी म्हणूनच मंगळवारी बोलवो. मंगळवारपर्यंत तं राह्यते माणूस." त्यांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. "अन् भाभीले मीच म्हटलं होतं, गावचं काही सांगू नका. नाही तं पोरगं पुन्हा पळन."

मंगळवारी सगळेच आले का, हे मी विचारलं नाही. ते बराच वेळ भिंग पुसत राहिले.

मी कार्डं वाचली. शेऱ्याच्या रकान्यात आईचं मास्तरीणबाईचं अक्षर. 'वरण-भात म्हणाला. मागच्या रविवारीही वरण-भातच. खरं नसावं.' 'घाईत होता.' 'दिवाळीला येतो म्हणाला.' तीन ओळी खाली, 'दिवाळीचं जमत नाही म्हणाला. मी बरं म्हटलं.' आणि चौथ्या वर्षाच्या कार्डावर एका रविवारी: 'आज त्यानं मला विचारलं, तू काय खाल्लंस. याला रकाना नाही.' मी सगळी कार्डं पुन्हा चाळली. असा शेरा तेवढा एकच होता.

निघताना चाचांनी त्याच डब्यातून कोरं पिवळं कार्ड काढलं, त्यावरचा नॉमिनी हा शब्द खोडला आणि स्वतःचं नाव घातलं. मले पैसे-बिसे नको, मी नुसता सही करणारा, म्हणाले. ती पॉलिसी मुदत भरून केव्हाच संपली. मी तसं फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि ही अट मुदतीनंतरही लागू राहते, असं सांगितलं.

गेल्या रविवारी फोन त्यांच्या मुलीनं उचलला. अब्बा झोपले आहेत, आताशा फार झोपतात, पण कार्ड तिच्याजवळ देऊन ठेवलं आहे, लिहून घे म्हणाले. पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला आणि तिनं विचारलं, काय खाल्लं? माझ्यासमोर सकाळचा पाव होता. मी पाव सांगितला. मग विचारलं, चाचांनी काय खाल्लं?

"अर्धी पोळी, दुधात कुस्करून," ती म्हणाली. मग विचारलं, "हे कुठं लिहू, भाऊ?"

शेऱ्यात लिही, मी म्हणालो.