दोन चमचे साखर

सकाळी नाशिकहून फोन आला, दादा गेला. लेक कामावर गेलेली, तिच्या लंडनच्या घरात मी एकटी. शेजारच्या डोरोथीबाईंचं दार वाजवलं. "ब्रदर," एवढंच बोलता आलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि चहा करायला घेतला.

आधी नुसतं गरम पाणी घालून किटली ऊन केली, ते ओतून दिलं. मग पत्ती, उकळतं पाणी, किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर लोकरीची टोपी. आणि घड्याळाकडे बघत बसल्या. इथे माणूस गेलंय आणि ह्या चहा मुरायची वाट बघतायत. मला राग येत होता की बरं वाटत होतं, कळेना.

एरवी त्यांचा चहा बिनसाखरेचा, मलाही तो अंगवळणी पडलेला. आज न विचारता दोन चमचे साखर घातली. धक्का बसला की गोड चहाच लागतो, असं काहीसं इंग्रजीत म्हणाल्या.

आमच्यात सुतकात गोड खात नाहीत. तसा सुतकातही घरी साखरेचाच चहा होतो, त्याला कोणी गोड म्हणत नाही. मग हाच इतका गोड का लागावा? आजच्या दिवशी तो प्यावा की नाही?

ठरेपर्यंत कप रिकामा झाला होता. त्यांनी तो पुन्हा भरला. "टू," म्हणत मी साखरेचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.