जब्बारभाईंनी नाकारलेली जीप

जब्बारभाईंच्या शबानाचा फोन आला तेव्हा मी गोरेगावच्या स्टँडवर जीप लावून हिंगोलीच्या सवाऱ्यांची वाट बघत होतो. "काका, अब्बांच्या छातीत दुखून राहिलं. डॉक्टर म्हणतेत, आत्ताच्या आत्ता हिंगोलीला न्या." बाकीच्या जीपा बाजाराला गेलेल्या, अँब्युलन्स लांबून यायची होती, म्हणजे गावात उभी असलेली गाडी माझीच. ज्या माणसाच्या दुकानावरून वर्षभर मी मान फिरवून जात होतो, त्याच्या दारात दोन मिनिटांत जाऊन उभा राहिलो. त्या दारात काय झालं ते सांगतो, पण मागचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

जब्बारभाई जाऊन आता सहा आठवडे झाले. जो भेटतो तो म्हणतो, मोठा दिलदार माणूस होता. कसला दिलदार! तोंडानं जहर होते. धंदा पत्र्याचा… गाडीचा सडलेला पत्रा कापायचा, नवा बेतून जोडायचा. हात असा की जोड कुठं आहे ते बोट फिरवून कळायचं नाही. पण गिऱ्हाइकाला चार माणसांत उघडं पाडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. एकदा एका सासऱ्यानं जावयाला जुनी गाडी घेऊन दिली आणि दोन्हीकडचे पाहुणे कौतुकानं ती दुकानावर दाखवायला घेऊन आले. जब्बारभाईंनी दारावर बोटाचं पेर वाजवलं आणि म्हणाले, ही उलटलेली गाडी आहे, निम्मं दार पुट्टीचं आहे. सासऱ्याचं तोंड बघवत नव्हतं. मी तिथंच बाकड्यावर बसून पोट धरून हसलो होतो, हेही सांगतो. दुसऱ्याची अब्रू जाताना मला त्यांची दोस्ती फार आवडायची.

त्यांचा एक रिवाज होता. काम संपलं की आपण बसवलेल्या पत्र्यावर स्वतः मांडी घालून बसायचे आणि मालकाला म्हणायचे, चल, सेनगावला नेऊन आण, एक खड्डा चुकवू नको. आणि ज्या गाडीला ते नाही म्हणाले, त्या गाडीत जन्मात पाय ठेवायचे नाहीत. एकदा सेनगावहून उन्हात चालत निघाले, कारण स्टँडवर उभी असलेली एकुलती एक जीप त्यांनी नापास केलेली होती. लोकांना ते मोठं तत्त्व वाटायचं. मला विचाराल तर नुसती घमेंड.

माझी जीप तेवीस वर्षांची. रोज सवाऱ्या, बाजाराच्या दिवशी बकऱ्या आणि मेंढरं. चूक माझी, आणि ती आमच्यासारख्या दोन्ही धंदे करणाऱ्यालाच सुचेल अशी. जनावरांचा वास सवाऱ्यांना येऊ नये म्हणून मी फरशीवर जाड रबरी मॅट चिकटवून टाकली. वरून धुतलं की चकाचक. बकऱ्यांचं मूत मात्र फटीतून खाली उतरायचं आणि मॅटखाली मुरत राहायचं. जब्बारभाई दर उन्हाळ्यात म्हणायचे, मॅट उचल, पत्रा वाळू दे, खालून जळकं ऑइल मार. मी हो म्हणायचो. उचलली एकदाही नाही.

मागच्या वर्षी आरटीओचं पासिंग जवळ आलं म्हणून जीप त्यांच्याकडं नेली. वाटलं, दोन ठिगळं मारतील आणि रंग देतील. सोबत हिंगोलीला लग्नाला निघालेल्या आठ-दहा सवाऱ्या होत्या, म्हणलं नुसतं दाखवून पुढं जाऊ. त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं, मॅट टराटरा फाडली आणि पेचकस फरशीवर ठेवून वरून नुसता तळवा दाबला. पेचकस मुठीपर्यंत खाली गेला. मग त्या भोकातून बायामाणसांना खालची माती दाखवली. म्हणाले, "बघा. ह्याच्यावर तुमची लेकरं बसवून राहिला हा."

सवाऱ्या दुसऱ्या जीपनं गेल्या. दुपारपर्यंत सगळ्या स्टँडवर बोभाटा झाला. मी हात जोडून म्हणालो, भाई, दुरुस्तीचं बोला. ते म्हणाले, सडक्याला नवा पत्रा धरत नाही, खालची चेसीसही गंजानं खाल्ली आहे, भंगारात दे. पोटापाण्याची गाडी भंगारात? मी चिडून विचारलं, तुमचं दुकान उद्या भंगारात द्या म्हणलं तर देता का? ते पेचकस पुसत म्हणाले, "माझ्या दुकानात माणसं मरत न्हाईत."

मी हिंगोलीला गेलो. तिथल्या एकानं चार दिवसांत फरशीला पातळ पत्रा लावला, कडेनं पुट्टी भरली, वर पांढराशुभ्र रंग. पासिंग झालं. जीप अशी झळकत होती की मी मुद्दाम त्यांच्या दुकानासमोरून हॉर्न वाजवत नेली. त्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर वर्षभर आमचा एक शब्द नाही.

आणि मग तो सकाळचा फोन… जब्बारभाई ओट्यावर बसले होते, बनियन घामानं चिंब, ओठ काळेनिळे. शबाना आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना जीपपर्यंत आणलं. दारापाशी ते थांबले. श्वास पुरत नव्हता, तरी हात वर करून दारावर बोटाचं पेर वाजवलं. पुट्टीचा बद्द आवाज आला. माझ्याकडं बघितलं आणि हसले, खरोखर हसले.

"मी न्हाई म्हणलेल्या गाडीत मी बसत न्हाई."

शबाना पाया पडली. मी दंडाला धरून ओढलं, तर त्यांनी दाराची चौकट घट्ट पकडली. मरणाऱ्या माणसाच्या बोटांत एवढी ताकद कुठून येते कोण जाणे. तेव्हा माझं डोकं फिरलं. वर्षभराचा राग, स्टँडवरचं हसं, सगळं तोंडात आलं.

मी म्हणालो, "मंग मरा इथंच."

ते पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. अँब्युलन्सचा आवाज वळणावर ऐकू आला तेव्हा त्यांची मान पडलेली होती. माती द्यायला मी गेलो.  

त्या दिवसापासून जीप दारात उभी. विकू, कापून फरशी नव्यानं बसवू, की भंगारात देऊ… घरात रोज हाच विषय. बायको म्हणते देऊन टाका, थोरला म्हणतो दुरुस्त करू. मला फक्त एक गोष्ट कळून घ्यायची होती. जीपबद्दल ते बराबर होते का? ते बराबर असले तर त्यांना न नेण्यात माझा दोष नाही. नुसता तो 'मरा' शब्द लागून राहील, तो लागू दे.

परवा सकाळी त्याच वेळेला निघालो. मागं गव्हाची पोती टाकली, जब्बारभाई आणि शबाना दोघांच्या वजनाची. एक खड्डा चुकवला नाही. पेशंट असल्यासारखा हॉर्न दाबत, जेवढी पळते तेवढी पळवली. मनातल्या मनात म्हणत होतो, तूट, एकदाची तूट, फरशी पडू दे, चाक निखळू दे. सेनगाव मागं पडलं. हिंगोली आली. पाऊण तासात दवाखान्याच्या फाटकातून आत गेलो. एक नट सैल झाला नव्हता.

हॉर्न ऐकून आतून दोघं जण स्ट्रेचर ढकलत पळत आले. एकानं मागचं दार उघडलं, पोती बघितली आणि मला विचारलं, "पेशंट कुठाय?"

मी म्हणालो, "बसले न्हाईत."