फाट्यावरचा केशरी दगड

रविवारी पहाटे गारखेड्याहून निघायचं आणि सोयगावच्या डोंगरातली पायवाट नीट करायची, हा आम्हा निवृत्तांचा उद्योग. वाटेवर आलेली घाणेरीची झुडपं उपटायची, खचलेल्या जागी दगड रचायचे आणि उन्हाळ्यात रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, बांधलेल्या पाणवठ्यात कॅन वाहून पाणी ओतायचं. घरचे म्हणतात, यांनी घरातला माठ कधी भरला नाही. ते खरंच आहे.

पाणवठ्याच्या वर वाटेला फाटा फुटतो. माणसांनी वरच्या अंगानं जावं, खाली जनावरांना निवांत पिऊ द्यावं, म्हणून तिथल्या मोठ्या दगडावर बाणाची खूण हवी होती. चुना पावसात धुऊन जातो. आमच्यातल्या मास्तरांच्या घरी दाराचा केशरी ऑइलपेंट उरला होता. त्यांचा हात सढळ. बाण काढता काढता त्यांनी अख्खा दगडच रंगवून टाकला.

संक्रांतीनंतर गेलो तर दगडापुढं नारळ फुटलेला. होळीपर्यंत घंटा आली. चैत्रात वाळल्या गवताशेजारी नैवेद्याच्या चुली पेटू लागल्या. खाली पाणवठा भरलेला, पण कडेच्या चिखलात एकही खूर नाही. जनावरं तहानेली कुठं फिरत असतील, या विचारानं जीव कासावीस व्हायचा. मी मास्तरांवर चिडलो.

“देव बसवायची लई हौस होती तुम्हाला.”

पुढच्या रविवारी मास्तर रंग काढायला टर्पेंटाइन आणि तारेचा ब्रश घेऊन आले.

दगडाजवळ त्यांनी चप्पल काढली. स्वतः रंगवलेल्या दगडापुढं! मला हसू आलं, आणि पाहतो तो मीही बूट काढत होतो. मास्तरांनी ब्रश दगडाला टेकवला आणि पुन्हा खाली ठेवला.

“माझ्याच्यानं नाय व्हायचं,” ते म्हणाले. “लोकांनी इथं काय काय मागितलं असंल. आपण पाणीच हलवू.”

मग डोंगराच्या सोंडेपलीकडं नवा पाणवठा बांधला. वाट नसलेल्या उतारावरून सिमेंट, वाळू, पाणी, सगळं डोक्यावरून नेलं. पाठ मोडून गेली. पाणी भरलं आणि मला धड झोप लागेना. जनावरांना ही जागा कोण सांगणार?

पुढच्या रविवारी गेलो. ओल्या मातीत रोह्यांचे खूर उमटले होते, आणि त्यांच्यात एका पिलाचेही. मास्तर उकिडवे बसून पाहत राहिले. मी म्हटलं, निदान इथवर यायची वाट तरी आखून ठेवू, पुढच्या खेपेला आपल्यालाच सापडायची नाही.

“नको,” मास्तर म्हणाले. “आपण चुकलो तर चुकू. इथं कायबी खूण करायची नाय.”