सहाणेवरचा हात

आमच्या सरलाला कोणी नवीन माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "तुमच्या शाळेत शिकवतात तरी काय?" विचारणाऱ्याचा काही दोष नाही. सकाळी देवासातल्या आमच्या दत्ताच्या देवळात या आणि ओवरीत डोकावून बघा. एक पोर मटार सोलतंय, एक चिंचेने तांब्या घासतंय, दोघं बादलीतलं पाणी माठात भरताहेत आणि निम्मं स्वतःच्या चड्डीवर सांडताहेत, एक कोपऱ्यात कापसाची वस्त्रं करत बसलंय. फळा नाही, पुस्तक नाही, ए-बी-सी-डीचा तक्ता नाही. आणि आमची ही बाई पदर खोचून, दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसती उभी! परेडचा हवालदारसुद्धा इतका ताठ उभा राहत नसेल.

मी उमा, तिची थोरली जाऊ. आमच्या घरांची भिंत एक, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. तिला बोलायचाही माझाच.

हात पाठीमागे का, हे मी विचारलं होतं. म्हणाली, "अक्का, पुढे असले की आपोआप मदतीला जातात." पोराला बटण लागेना, बूट चढेना, ते रडकुंडीला आलं, तरी ही हलायची नाही. "हूं, अजून एकदा कर," एवढंच. माझा तर जीव वरखाली व्हायचा. एकदा न राहवून मी एकाच्या बुटाचे बंद बांधून दिले, तर मला ओवरीतून बाहेर काढलं. मला, थोरल्या जावेला!

तिचा दुसरा हट्ट असा की पोरांना खोटं काम द्यायचं नाही. मटार सोलले तर ते कोणाच्या तरी भाजीत पडले पाहिजेत. वस्त्रं केली तर ती देवाला गेली पाहिजेत. एका आईने हौसेने रंगीत प्लास्टिकचे मणी आणून दिले, ओवायला. सरलाने विचारलं, "ओवून झाल्यावर?" ती म्हणाली, "काढून ठेवायचे, उद्या परत ओवायचे." सरलाने मणी परत दिले. "उद्या मी तुम्हाला केलेल्या पोळ्या मोडून परत कणीक मळायला सांगितलं तर चालेल का?" म्हणाली. तोंडाने फटकळ मी, असं सगळं गाव म्हणतं, पण गोड बोलून टाचणी टोचावी तर सरलाने.

एका बापाचं मात्र डोकंच फिरलं होतं. तो दारातूनच ओरडला, "आंटीजी, बिटिया को पढ़ने भेजा था, आप मटर छिलवा रहे हो?" ही शांत. "भिया, जो उँगली फली खोलेगी, वही पेन्सिल पकड़ेगी. बैठो, दो तुम भी छीलो." आणि तो बसला की हो! त्याला एक शेंग सरळ उघडता येईना. पोरीने शिकवलं त्याला. त्याच पोरीचं नाव वल्लरी. चार वर्षांची, भुईतून उगवायच्या आधीच मिरची झालेली.

आता माझ्या दिरांबद्दल सांगते. भास्करभावोजी म्हणजे सरलाचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरी केली, आणि सकाळची दत्ताची पूजा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, ती कधी चुकवली नाही. सोवळं कडक. सरलाने ओवरीत वर्ग सुरू केला तेव्हा घरात केवढी धुसफूस! "पारोशी पोरं वस्त्रं करणार, गंध उगाळणार, आणि ते मी दत्ताला लावायचं?" सरला म्हणाली, "त्याच्या पायाशी चार कुत्री चालतात, माझी दहा पोरं का चालू नयेत?" भावोजी रागातच पूजेला बसले, पण वस्त्रं पोरांचीच घातली. माणूस कडक होता, खोटा नव्हता.

गेल्या होळीच्या सुमाराला त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं लवकर ताळ्यावर आलं, पायही काठी घेऊन उठला, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हात गेलेला नाही. पण वापरला तरच येईल, आणि तोही लवकर वापरला तर. नुसता सांभाळत बसलात तर कायमचा असाच राहील." हे आम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलं. भावोजींनीही.

व्यायाम शिकवायला एक मुलगा यायचा. त्याने हातात रबरी चेंडू दिला, दाबा म्हणाला. भावोजींनी डाव्या हाताने तो चेंडू असा भिरकावला की माझ्या अंगणात येऊन पडला. "मी काय कुकुलं बाळ आहे?" तो मुलगा काही दिवस आला, मग कंटाळला बिचारा. डाव्या हाताने चमचा धरून जेवा म्हटलं, तर तेही नाही. आमच्या घरात ताटाला डावा हात लावत नाहीत. जन्मात लावला नाही, तो आता लावायचा? पूजा माझ्या मुलाकडे, मयुरेशकडे आली. तो बँकेत जायच्या घाईत अशी पूजा उरकायचा की देवाला आंघोळ घातली की नुसतं पाणी दाखवलं, हे देवालाच ठाऊक. भावोजी घंटा ऐकायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

आणि सरला? तिने सगळं अंगावर घेतलं. दात घासून देणं, सदऱ्याची बटणं, घास भरवणं. ते हूं म्हणायच्या आत तिचा हात पुढे. ज्या बाईने चार वर्षांच्या पोराच्या बुटाला हात लावला नाही, ती नवऱ्याचं नाक पुसत होती. मला बघवेना. एक दिवस मी धुण्याच्या दगडाशी तिला गाठलंच.

"सरले, शाळेत एक आणि घरात एक असं का गं? पोरांपुढे हात बांधतेस, मग इथे का नाही बांधत?"

तिने हातातला सदरा पिळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पोरांचं होणार आहे, हे मला माहीत असतं अक्का. म्हणून थांबता येतं. ह्यांचं होईल असं मला वाटतच नाही." आणि रडायला लागली. मी नुसती तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. खरं सांगते, त्या दिवशी मला फार भीती वाटली. तिनेच आशा सोडली, तर त्या माणसाचं काय?

माझ्या बोलण्याने म्हणा की कशाने, तिने एक प्रयत्न केला. आणि चुकली ती अशी चुकली! परातीत मूग आणि हरभरे घेऊन भावोजींपुढे ठेवली. "मिसळलंय सगळं, तेवढं निवडून देता का उजव्या हाताने? एक एक दाणा."

भावोजींनी परातीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मिसळलं कोणी?"

सरलाने परात जराशी पुढे सरकवली.

"तूच ना? पोरांना खोटं काम देत नाहीस म्हणून गावभर सांगत असतेस. माझी किंमत त्या पोरांपेक्षाही खाली गेली वाटतं."

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. ती परात तशीच उचलून सरला माझ्याकडे आली आणि आम्ही दोघींनी बसून ते मूग-हरभरे निवडले. दुसरं करणार काय? अन्न ते. त्यानंतर नवरा-बायकोत कामापुरतंच बोलणं. औषध घ्या. घेतलं. संपलं.

श्रावण लागला. भावोजींना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून सरला त्यांना वर्गाच्या वेळी ओवरीतच आणून बसवायची. कट्ट्यावर घडी घातलेली सतरंजी, पाठीला खांब, उजवा हात मांडीवर. पोरं त्यांच्याभोवती खेळायची, ते कोणाकडे बघायचे नाहीत. त्या सोमवारी मी दुर्वा निवडायला तिथेच बसले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं.

वल्लरीकडे गंधाचं काम होतं. आमची सहाण जुनी आहे, तिचा एक पाय झिजलेला, त्यामुळे डुगडुगते. एरवी दुसरं पोर धरून बसतं. त्या दिवशी सगळी पाण्याच्या बादलीकडे पळाली होती. वल्लरीने सहाण भावोजींच्या शेजारी कट्ट्यावर ठेवली आणि चंदनाचं खोड घासायला घेतलं. सहाण गर्रकन फिरली. तिने एका हाताने सहाण धरली, तर खोड एका हातात मावेना. पाय लावून बघावा असा विचार तिच्या तोंडावर दिसला, पण देवाची वस्तू, म्हणून तिने तो सोडून दिला. सरला लांब उभी, हात पाठीमागे.

मग त्या कार्टीने इकडे तिकडे बघितलं आणि भावोजींचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला. "बाप रे, कितना भारी है!" म्हणाली, आणि ठेवून दिला सहाणेच्या कडेवर. उडणाऱ्या कागदावर आपण दगड ठेवतो ना, तसा. सहाण जागची हलेना. ही खुशाल घासायला लागली.

त्या हाताकडे आमच्या घरात कोणी नीट बघतसुद्धा नव्हतं! "अगं ए भवाने—" म्हणून मी उठलेच, तर सरलाने येऊन माझा दंड धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भावोजींचा लाल. आता ते ओरडणार, पोरगी भोकाड पसरणार, उद्या तिचा बाप येणार, सगळं मला दिसायला लागलं.

पाणी पसरलं आणि हात घसरून खाली पडला. वल्लरी मानही वर न करता म्हणाली, "अरे आजोबा, पकड़ो ना!"

"तो धरत नाही गं," भावोजी म्हणाले. महिनोन्‌महिने आमच्यातल्या कोणाशी ते त्या हाताबद्दल बोलले नव्हते.

"तो दूसरे हाथ से रख दो."

सरलाची नखं माझ्या दंडात रुतली. भावोजींनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, सहाणेवर ठेवला आणि वरून दाबून धरला. पोरगी घासत राहिली. जरा वेळाने ते म्हणाले, "पाणी कमी घे. पातळ झालं तर देवाच्या कपाळावरून ओघळतं. आणि असं रगडू नकोस, गोल फिरव."

"ऐसे?"

"हां. असं."

सरला तुळशीमागे गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी तिच्यामागे गेले. म्हणाली, "अक्का, मी ह्यांच्यासाठी काम शोधत बसले. तिला मात्र खरंच हात हवा होता."

दुसऱ्या दिवशी भावोजी स्वतःहून म्हणाले, मला लवकर नेऊन बसव, पोरी येतील. मग रोजचंच झालं. चमत्कार वगैरे काही झाला नाही हो, तसलं मी सांगणार नाही. कितीतरी दिवस तो हात नुसता वजनाचं काम करत होता. मग कधीतरी बोटं कडेवर वळायला लागली. मग अंगठा. एकदा वल्लरीने खेळता खेळता सहाण ओढली तर तिला ती ओढता येईना. "आजोबा, छोड़ो!" म्हणून ती खिदळली. भावोजी आपल्या हाताकडे असे बघत राहिले की मी दुर्वांत मान घातली. गंधाची वाटी ते मयुरेशकडे द्यायचे आणि त्याला बजावायचे, "पोरांनी मन लावून केलंय, घाईत फासू नकोस." मयुरेशची पूजा थोडी लांबली, हेही नसे थोडके.

आता तीन बोटं चालतात. बटण अजून लागत नाही, सही येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, तेवढं येईलच असं नाही.

मार्गशीर्षातली गोष्ट. भर दुपारी सरला माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. चेहरा असा की माझ्या हातातला कालथा पडला.

"काय झालं गं?"

"जेवताहेत."

"मग?"

"आपल्या हाताने. उजव्या. ताट इकडे सरकव म्हणाले. भात सगळा सदऱ्यावर सांडतोय. मी पुढे झाले तर म्हणाले, तू जा, अशी टक लावून बघत बसू नकोस." ती पाटावर बसली, परत उठली. "अक्का, मला काही सुचत नाही. मी आता काय करू?"

"तू जेवलीस?"

"त्यांचं झालं की जेवेन."

मला असा राग आला ना! होळीपासून ही त्यांना घास घास भरवायची, त्यांचं तोंड पुसायची, त्यांना निजवायची, आणि मग ओट्याशी उभ्याने गार भात पोटात ढकलायची. मी भिंतीपलीकडून रोज तिचा पातेलं खरवडल्याचा आवाज ऐकलाय. "अगं वेडे," म्हटलं, "त्यांचं जेवण आता तासभर चालेल. जा, ताट वाढून घे आणि त्यांच्यासमोर बसून जेव. त्यांच्याकडे बघायचं नाही, आपल्या ताटात बघायचं. चल, हो पुढे."

ती गेली. आणि मी ती मीच, खिडकीशी जाऊन उभी राहिले. समोरासमोर दोन ताटं. भावोजींची मान खाली, भाताचा घास बोटांतून गळतोय, ते परत गोळा करताहेत. सरलाने पातेल्यातून वाफाळता भात वाढून घेतला, वरण ओतलं, गार भाताच्या सवयीने भराभरा कालवला आणि मोठा घास तोंडात टाकला. आणि हाय हाय करत तोंडावर हात धरून बसली. जीभ पोळली होती तिची.