पुठ्ठ्याचा दहावा माणूस

मुलाची नोकरी गेली त्या दिवशी मिल्काबाई रोहेकरांनी जर्सी सिटीतल्या फ्लॅटमध्ये डोक्यावर पदर घेतला आणि नवस बोलल्या, "रहमीमला व्हिसा संपायच्या आत काम लागू दे. एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करीन." काम लागलं. दोन हजार तीन सालच्या मंदीत लागलं, म्हणजे यात एलियाहू प्रेषिताचाच हात, हे बाईंचं स्वच्छ मत.

मलिदा करणं तसं सोपं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरी शुभकार्य त्याशिवाय होत नाही. पण प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष हवेत. गावी रेवदंड्याला खिडकीतून हाक मारली की गल्ली गोळा व्हायची. इथे रहमीमचं आपलं एकच, "आई, नेक्स्ट संडे नक्की!" असं करत बाईंचं परतीचं तिकीट दोन दिवसांवर आलं.

"रेवदंड्याला जाऊन कर ना मलिदा," तो म्हणाला.

"अमेरिकेत बोललेला नवस अमेरिकेतच फेडायचा. देवाला काय पत्ते बदलायला लावतोस? नवस फिटल्याशिवाय मी विमानात बसायची नाही."

समोरच्या फ्लॅटात नेथन राहायचा. साठीचा अमेरिकन ज्यू, एकटा. जुन्या ज्यू लोककथांची पुस्तकं चितारायचा. कथा बाईंना लहानपणापासून पाठ, चित्रं मात्र ओळखता यायची नाहीत. बाईंचं इंग्रजी शाळेतल्या धड्यांएवढंच, पण भांडायला पुरायचं. एका चित्रात गरिबाघरी जेवायला आलेला पाहुणा म्हणून त्यानं इस्त्रीचं टेबल काढलं होतं. टोपी घातलेलं.

"हे कोण, नेथनभाऊ?"

"प्रेषित एलिजा. तुमचा एलियाहू. तो वेश बदलून येतो ना!"

"वेश बदलतो हो, फर्निचर नाही होत. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे. मी डोकं टेकलंय तिथं."

नेथनला हे इतकं आवडलं की त्यानं टेबलाला रथाची चाकं लावली. बाईंनी अबोला धरला. पुढे एकदा थालीपिठं जास्त झाली म्हणून तो सुटला.

रविवारी माणसं जमली. आयसेलिनच्या देशी दुकानातून ताजे नारळ आले, पोहे भिजले, केळी-खजूर ताटात लागले. नऊ पुरुष झाले आणि दहाव्याचा, डॅनियल अष्टमकरचा, फोन आला. गाडी बंद पडली होती. बाईंनी तडक समोरचं दार वाजवलं.

"नेथनभाऊ, चला, दहावे व्हा."

"मी स्वतःला दहांत मोजून घेत नाही," नेथन म्हणाला. "याला न्या."

'याला' म्हणजे पुठ्ठ्याचा पुरुषभर उंच माणूस. एका रब्बीनं, म्हणजे ज्यू धर्मगुरूनं, मातीचा माणूस घडवून त्यात जीव घातला, त्या गोष्टीसाठी केलेला गोलेम. अंगभर वर्तमानपत्रं डकवलेली, नाकाच्या जागी व्हॅक्युम क्लीनरची नळी.

"असला माणूस दहांत धरायचा की नाही, यावर जुन्या रब्बींनी वाद घातलाय," नेथन म्हणाला. "माझं मत, धरायचा."

आणि तो स्वतःच त्याला बगलेत मारून बाईंच्या घरात आला. प्रार्थना म्हणणारे एलिझरकाका पेणकर चष्मा वर करून बघत राहिले.

"मिल्का, हा कोण गं?"

"काका, नेथनभाऊ याला दहावा म्हणतायत."

"सुंता झालीय का याची?"

"कात्री आणू?" कुणीतरी मागून म्हणालं. बाईंनी पदर तोंडाला लावला.

मग जी जुंपली! एक म्हणे, जीव नाही. दुसरा म्हणे, आपल्या सिनेगॉगमध्ये अर्धे झोपलेले असतात, ते चालतात. तेवढ्यात गोलेम कलंडला तो थेट मलिद्याच्या ताटाकडे. नेथननं झडप घालून त्याला मागून धरला. सोडला की पडायचा, म्हणून धरूनच उभा राहिला.

एलिझरकाकांनी वाद थांबवला. माणसं आकड्यांनी मोजायची नसतात, म्हणून ते दहा शब्दांचं वचन म्हणत एकेकाकडे बोट करू लागले. शेवटचा शब्द पुठ्ठ्यापाशी आला आणि त्यांचं बोट अडलं.

बाईंनी खाली पाहिलं. पुठ्ठ्याच्या पावलांमागे भोकं पडलेले मोजे दिसत होते.

"काका, बोट जरा खाली करा," त्या म्हणाल्या. "मोज्यांवर."

"मी फक्त याला धरलंय!" पुठ्ठ्यामागून आवाज आला.

"मग धरा की घट्ट. तुम्हाला कोण काय म्हणतंय?"

काकांनी मोज्यांवर शब्द संपवला. प्रार्थना झाली, 'एलियाहू हन्नाबी' सगळ्यांनी गायलं. प्रत्येक आशीर्वादाला पुठ्ठ्यामागून 'आमेन' येत होतं, जुन्या सवयीचं, खणखणीत. बाईंनी डोळे पुसले आणि मलिदा वाढायला घेतला.

तोच डॅनियल धापा टाकत आत आला. "सॉरी मावशी! टो करायला लागली गाडी!"

नेथननं गोलेम उचलला आणि दाराकडे निघाला.

"कुठं निघालात?"

"अकरावा आला ना," तो म्हणाला. "लहानपणी मला दहावा म्हणून खेळातून ओढून न्यायचे. अकरावा आला की म्हणायचे, जा आता घरी."

बाईंचं काम झालं होतं. त्यांनी ताट खाली ठेवलं, त्याच्या हातातून पुठ्ठा काढून घेतला आणि डॅनियलच्या गळ्यात घातला.

"हा तू धर आता, उशिरा येतोस ते! आणि नेथनभाऊ, बसा. नवस माझा तुमच्यावर फिटलाय, याच्यावर नाही."

नेथन बसला. खोबरं फार आहे म्हणाला, आणि पुन्हा वाढून घेतलं.